वाघळे इस्टेट, रोड नंबर सोळा

तळोज्याच्या भंगारवाल्याकडून घेतली, किलोच्या भावाने.
ट्रेलरवरून उतरवताना पुढचा मडगार्ड गळून पडला,
आणि कोपऱ्यावरचा चहावाला किटली धरूनच म्हणाला,
"काका, उतरवताय की पुरताय?"

याला सात वर्षं झाली.

शैलाने पहिल्या वर्षी विचारलं, किती लागतील.
दुसऱ्या वर्षी, किती लागले.
तिसऱ्यापासून ती फक्त कपडे वेगळे भिजवते,
जोंगाचे एका बादलीत, माणसांचे दुसरीत.

रंग खरवडायला बसलो तेव्हा कळलं,
गाडी एकटी आलेली नाही.
वर पिवळा, कुठल्याशा दगडखाणीचा.
त्याखाली निळा, लग्नाच्या बँडवाल्याचा,
दारावर अर्धं 'ब्रास' अजून वाचता येत होतं.
आणि निळ्याखाली तो हिरवा.
पोपटाचा नाही, शेताचा नाही,
ज्याला दिसायचंच नसतं असा.
बॉनेटच्या कडेला वर तोंड करून एक बाण, पुढे आकडे.
मी ब्लेड खाली ठेवलं
आणि उगाचच हात धुऊन आलो.

मुंब्र्याहून झहूर मिस्त्री येतो, जुम्म्याची नमाज उरकून.
लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतो,
माझ्या हार्टवाल्याने एवढं कधी ऐकलं नाही.
जे मिळत नाही ते मी लेथवर काढतो.
एकतीस वर्षं ज्या कंपनीत टर्नर होतो
तिथे आता काचेची इमारत आहे,
आत पोरं रात्रभर फोनवर माफी मागतात.
पण बुश केसभर जाड असला
तर अंगठ्याला अजून कळतं.

आरटीओतला माणूस कागद उलटत म्हणाला,
सगळं चालेल, हिरवा नाही. तो फौजेचा.
बरोबरच आहे.
जेवलो नाही तर ढेकर कशाला द्यायचा.
मग राखाडी दिला, ओहोटीच्या खाडीसारखा.
फक्त ड्रायव्हरच्या सीटखाली वीतभर हिरवा तसाच ठेवला,
कारण तिथे कुणीतरी खिळ्याने रेघा ओढल्या होत्या.
तेवीस. उभ्या.
मी किती रात्री त्या मोजल्या.
सुट्टीचे उरलेले दिवस? बर्फातले?
की ज्यांची नावं लिहिता येत नाहीत, ती माणसं?

रविवारी पहाटे पाचला बाहेर काढली.
तीन हात नाका, मानपाडा, पातलीपाडा,
वर मेट्रोचे खांब, खाली मी आणि तीन गिअर.
कासारवडवलीला एका टॉवरच्या गेटवर
खुर्चीतला वॉचमन मागे न बघताच ओरडला,
"दुसरा टाकताना दोनदा दाबा क्लच!"

सोपान कणसे. साताऱ्याकडचे. सतरा वर्षं हीच चालवली,
म्हणजे हिच्या बहिणी.
म्हटलं, बसा ना, गायमुखापर्यंत जाऊन येऊ.
त्यांनी शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला.
"हिचीच देणगी. तुम्ही बसा हौसेनं."

तरी सीट उचलून रेघा दाखवल्याच मी.
काय ऐकायचं होतं मला, देव जाणे.
ते वाकले, बॅटरी मारली, आणि हसत सुटले,
एवढे, की टॉवरमधलं एक कुत्रं भुंकायला लागलं.
"अहो, हे दिवस नव्हेत.
धक्का मारून चालू करावी लागली, तेवढ्या वेळा.
हिशोब मागायचा ना कुणीतरी."

मी स्टार्टर दाबला.
घर्र. घर्र. मग तेही नाही.

कणशांनी शिटी खिशात टाकली,
पट्टा दोन भोकं आवळला
आणि मागे जाऊन उभे राहिले.
गाडी पकडली तेव्हा उजाडलं होतं,
दूधवाला थांबून बघत होता.

मी डिकीत खिळा शोधत होतो,
त्यांनी तोवर गेटची किल्ली काढली.
हिरव्या पट्टीत जागा उरली नव्हती,
म्हणून शेजारी, माझ्या नव्या राखाडीवर,
एक उभी, जोर देऊन.
माझे दात शिवशिवले. बोललो नाही.
राखाडीखालून बारीक हिरवा निघाला.

लिटरला चार किलोमीटर देते.
शैलाला सहा सांगितलंय.